सायकलपटू संघ बदलतो तेव्हा पैसे कुणाला मिळतात? आणि संघाकडे मुळात पैसे येतात कुठून?

पुणेरी_पॅडल

टूर द फ्रान्स दोन-तीन वर्षं फोनवर बघतोय, पण जानेवारीत आपल्याकडे पुणे ग्रँड टूर झाली आणि घरात सगळ्यांनाच नाद लागला. आता धाकटा भाऊ रोज काहीतरी विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही.

त्याचा लाडका बिनियम गिरमाय. इरिट्रियाचा. २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी (गुणांमध्ये पहिला येणाऱ्याची) घेतली तेव्हा तो इंटरमार्शे-वाँटीकडे होता, आणि करार २०२८ पर्यंत वाढवल्याचं वाचलं होतं. यंदा बघतो तर भलतीच जर्सी, एनएसएन नावाच्या संघाची. आणि इंटरमार्शे लोट्टोमध्ये विलीन! हिरवी जर्सी मिळवणारा संघ दीड वर्षात गायब कसा होतो?

दुसरं, बेल्जियमचा रेम्को एव्हनपूल. २०२६ अखेरपर्यंत सूदाल क्विक-स्टेप संघाशी बांधील होता ना? मग एक वर्ष आधीच रेड बुलच्या संघाकडे कसा? फुटबॉलसारखी ट्रान्सफर फी असते का? असेल तर आकडा कुठेच का दिसत नाही? आयपीएलमध्ये कसं, २०२५ च्या हंगामाला पर्स १२० कोटी, कोण कितीला गेला ते शेंबड्या पोरालाही पाठ. इथे सगळंच गुलदस्त्यात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटराजा

एवढं काय अवघड आहे? ज्याच्यामागे अख्खा देश किंवा अब्जाधीश उभा, तो जिंकणार. यूएई, बहरीन, आता रेड बुल. बाकीचे रांगेत. यूएईच्या पोगाचारचा करार २०३० पर्यंत आहे, तोवर झोपा काढा.

लुव्हेनकर

घाटराजा, झोपा काढण्यासारखं नाहीये ते. पण त्यावर नंतर.

पॅडल, आयपीएल आधी डोक्यातून काढा. तिथे मालकाकडे प्रक्षेपण हक्कांचा वाटा येतो (२०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले), तिकिटं आहेत, आणि उद्या कंटाळा आला तर फ्रँचायझी विकता येते. सायकलिंग संघाकडे यातलं काय आहे? शर्यत रस्त्यावर, बघायला फुकट. टूर द फ्रान्स एएसओ नावाच्या कंपनीच्या मालकीची, एएसओ आमोरी कुटुंबाच्या मालकीची, आणि टीव्हीचा पैसा तिथेच राहतो. संघांना त्यात वाटा नाही. वर्षानुवर्षं मागणी होते, बैठका होतात, ढिम्म. अख्खी टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरो मिळतात, आपले साधारण ५ कोटी, आणि रिवाज असा की ते सहकाऱ्यांत, मेकॅनिक आणि मालिशवाल्यांत वाटले जातात. सगळी बक्षिसं मिळून २३ लाख युरोंच्या आसपास. मोठ्या संघाचा एका वर्षाचा खर्च बातम्यांत ५ कोटी युरोंच्या वर सांगतात. बक्षिसांनी डिझेलसुद्धा सुटणार नाही.

मग उरतो प्रायोजक. मी बेल्जियममध्ये राहतो आणि इथे प्रायोजकांची ओळख क्रीडापानापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात लवकर होते. आमच्या बेसिनच्या कडेला लावायला आणलेल्या सिलिकॉनच्या नळीवर जे नाव आहे तेच एव्हनपूलच्या छातीवर होतं: सूदाल. क्विक-स्टेप म्हणजे लॅमिनेटची फरशी. डेकनिंक खिडक्यांच्या पीव्हीसी चौकटी करतं. आल्पेसिन हा केस गळू नयेत म्हणून लावायचा शाम्पू. वाँटी ही बांधकाम कंपनी, तिचे ट्रक वॉलोनियात रस्त्याच्या कामावर दिसतात. इंटरमार्शे म्हणजे किराणा, लोट्टो म्हणजे सरकारी लॉटरी. ही मंडळी तीन वर्षांसाठी, फार तर पाच वर्षांसाठी पैसे देतात. नवा संचालक आला, विक्री घसरली, किंवा जाहिरात टेनिसवर करायची असं कुणाला वाटलं, की विषय संपला. संघाच्या नावावर मालमत्ता काय, तर बस, दोन-चार ट्रक आणि सायकली. त्याही बऱ्याचदा कंपनीनं वापरायला दिलेल्या.

तमाशाच्या फडासारखं आहे बघा. फडाचं नाव मोठं, गाड्या रंगवलेल्या, पण हंगामाच्या आधी पैसा उभा राहिला नाही तर कलावंत दुसऱ्या फडाची उचल घेणारच, आणि त्याला बोल लावता येत नाही.

आता गिरमाय. हा मुलगा म्हणजे तुमच्या सगळ्या प्रश्नांचं चालतंबोलतं उत्तर आहे. एग्लला, स्वित्झर्लंडमध्ये, यूसीआयचं (सायकलिंगची जागतिक संघटना) प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या देशांत व्यावसायिक संघ नाहीत तिथली पोरं तिथे तयार करतात. तिथून २०२० मध्ये तो मार्सेयच्या डेल्को संघात गेला. डेल्कोची पैशांची बोंब झाली आणि २०२१ मध्ये संघच बंद पडला. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, इंटरमार्शेनं त्याला उचललं. हंगामाच्या मध्ये संघ बदलायला १ ते १५ ऑगस्ट अशी छोटी खिडकी असते, त्यातून.

त्याच सप्टेंबरात जागतिक स्पर्धा आमच्या गावात होती. २३ वर्षांखालच्यांची शर्यत अँटवर्पहून निघून लुव्हेनला संपली. मी वाइनपर्सच्या चढावर उभा होतो. तो चढ लांब नाही, आपल्या कात्रजपुढे काहीच नाही, पण गल्ली अरुंद आणि पोरं इतक्या जवळून जातात की साखळीचा आवाज आणि शिव्या दोन्ही ऐकू येतात. माझ्या शेजारी इरिट्रियाचे लोक झेंडे घेऊन आलेले, लेकुरवाळ्या बायका, म्हातारे. गिरमाय दुसरा आला, बारोन्चीनीच्या मागे, आणि या लोकांनी जो गोंधळ घातला त्यात पहिला कोण आला हे त्यांच्यापैकी कुणालाच पडलेलं नव्हतं. माझ्या पलीकडचा एक बेल्जियन म्हातारा मात्र कपाळाला आठ्या घालून पुटपुटला की हा इंटरमार्शेला फार दिवस परवडणार नाही.

मार्च २०२२ मध्ये गेंट-वेव्हेल्गेम ही बेल्जियमची एकदिवसीय शर्यत जिंकला. मग जिरोचा (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत) टप्पा, मग २०२४ ची टूर. इंटरमार्शे हा वर्ल्डटूरमधल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या, कमी पैशांच्या संघांपैकी, यूएईच्या निम्म्याहूनही कमी. अशा संघात कुणी वर आला की दोनच गोष्टी होतात. एक, पगार वाढवून त्याला ठेवायचं, म्हणजे बाकीच्यांसाठी हात आखडता घ्यायचा. दोन, सोडून द्यायचं, आणि त्याबदल्यात हाती धुपाटणं. त्यांनी ठेवलं, करार २०२८ पर्यंत नेला. पण करारावर २०२८ लिहिलं म्हणून २०२८ चे पैसे तिजोरीत नसतात! प्रायोजकाचे पैसे आटले की तो कागद उरतो. २०२५ मध्ये तोंडमिळवणी होईना, लोट्टोचीही अवस्था फार भरभराटीची नव्हती, आणि दोन संघांचा एक झाला. एका वर्ल्डटूर संघात साधारण ३० जणच बसतात. बाकीच्यांनी दारं ठोठावायची. गिरमायसारख्याला दारं उघडतात. मदतनीस म्हणून राबणाऱ्या, बाटल्या वाहणाऱ्या पोरांना डिसेंबरपर्यंत फोनकडे बघत बसावं लागतं.

बरं, तो गेला तो संघही कालपर्यंत इस्राएल-प्रीमियर टेक होता. २०२५ च्या व्हुएल्टात (स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत) निदर्शनं इतकी झाली की माद्रिदचा शेवटचा टप्पा अर्ध्यात थांबवावा लागला. प्रीमियर टेक बाहेर पडली, नाव बदललं, नोंदणी स्वित्झर्लंडची झाली, एनएसएन आलं. म्हणजे इथे संघ मरतात तसे कात टाकून उठतातही. यूसीआयच्या दृष्टीनं महत्त्वाचा असतो परवाना. जर्सीवरचं नाव कुणाचंही असो.

एव्हनपूलचं रात्री लिहितो, पोरीला पोहायला न्यायचंय.

मंजिरी_ठाणे

लुव्हेनकर, छान लिहिताय, पण जरा बायकांच्या शर्यतींकडेही वळा. तिथे तर हे सगळं दहा वर्षांत डोळ्यांदेखत घडलं. २०२० पर्यंत महिला वर्ल्डटूर संघात किमान पगार असा प्रकारच नव्हता. त्या वर्षी १५,००० युरो ठरला, मग २०,०००, मग २७,५००, आणि २०२३ मध्ये ३२,१०२, म्हणजे पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या संघांइतका. किमान पगार वाढला ही आनंदाचीच गोष्ट, पण छोट्या संघांना तोच झेपेना. सेराटिझिटचा संघ २०२५ अखेर बंद झाला.

आणि खेळाडू फिरतातही तशाच. नेदरलँड्सची डेमी फोलरिंग एसडी वर्क्स संघात वाढली, २०२३ ची महिलांची टूर जिंकली, २०२४ ला ४ सेकंदांनी हरली आणि २०२५ मध्ये एफडीजे-सुएझला गेली. तिच्या जुन्या संघाला त्याचं काय मिळालं? करार संपला होता, त्यामुळे शून्य.

लुव्हेनकर

मंजिरीताई, अगदी बरोबर. आणि तिथे तफावत आणखी टोकाची, वरच्या तीन-चार संघांत सगळ्या जिंकणाऱ्या.

तर एव्हनपूल. सायकलिंगमध्ये फुटबॉलसारखा बाजार नाही. करार ३१ डिसेंबरला संपतात, नवीन करारांची घोषणा १ ऑगस्टपासून करता येते. खरी बोलणी अर्थातच जिरोच्या आधीपासून चाललेली असतात, एजंट हॉटेलांच्या पार्किंगमध्ये फिरत असतात, आणि १ ऑगस्टला सगळे असं दाखवतात की कालच ओळख झाली. करार मध्येच मोडायचा तर तिघांची सही लागते: खेळाडू, जुना संघ, नवा संघ. तिघं कशावर राजी झाले हे ते सांगायला बांधील नाहीत. म्हणून आकडा दिसत नाही. एव्हनपूलच्या वेळी सूदालला भरपाई मिळाली असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, रक्कम जो तो आपापली छापत होता. २०२३ मध्ये रोग्लिच असाच योम्बोमधून बोराकडे गेला, ज्या वर्षी योम्बोनं जिरो, टूर आणि व्हुएल्टा, तीनही जिंकल्या त्याच शरद ऋतूत. आयुसोचा करार २०२८ पर्यंत, आणि यूएईनं तो जाणार हे जाहीर केलं कधी, तर व्हुएल्टा चालू असताना! तीन दिवसांनी गड्यानं त्याच संघाच्या जर्सीत टप्पा जिंकून दाखवला. आमच्या इथल्या बारमध्ये त्या संध्याकाळी ज्या गप्पा रंगल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत.

तिघांपैकी एक राजी नसेल तर कोर्ट. वाउट व्हान आर्ट २०१८ मध्ये आपला संघ सोडून बाहेर पडला, कारण संघाचं दुसऱ्या संघात विलीनीकरण त्याला न विचारता ठरलं होतं. मालकानं दावा लावला. २०२० मध्ये अँटवर्पच्या अपील कोर्टानं व्हान आर्टला ६ लाख ६२ हजार युरो भरायला लावले. आता यात गंमत बघा. संघ विलीन होतोय म्हणून पोरगा निघाला तर त्यानं दंड भरायचा, आणि संघच बुडाला तर पोरानं नशिबाला बोल लावायचा.

माझं म्हणणं एवढंच की या खेळात जो खेळाडू घडवतो त्याच्या पदरात काही पडत नाही. यूएईकडे किती पैसे आहेत यानं माझी झोप उडत नाही. इंटरमार्शेनं जे पोर हेरलं, ज्याच्यावर चार वर्षं भरवसा ठेवला, त्याच्या मोठं होण्यातून संघ जगायला हवा होता. झालं उलट.

कायदेपंडित_नाशिक

लुव्हेनकर, तुमच्या गोष्टीत संघ बिचारा आणि खेळाडू चंचल. पटत नाही.

एक म्हणजे बॉसमन. १९९५ चा निकाल, तुमच्याच बेल्जियमचा फुटबॉलपटू, लीज शहरातल्या क्लबनं करार संपल्यावरही अडवून धरलेला. युरोपीय न्यायालयानं सांगितलं की करार संपला की माणूस मोकळा. फोलरिंग एफडीजेला गेली ती याच तत्त्वानं. तुम्हाला ते परत फिरवायचंय का?

दुसरं, ट्रान्सफर फी आली तर ती भरणार कोण? प्रायोजक जास्तीचा एक छदाम देणार नाही. म्हणजे नवा संघ फी भरेल आणि तेवढी रक्कम खेळाडूच्या पगारातून वळती करेल. दहा-बारा वर्षांची कारकीर्द, त्यात हाडं मोडलेली, आणि मोबदल्यातला हिस्सा जुन्या मालकाला! डेल्कोमध्ये पोरांच्या पगाराची रड होती, तिथे गिरमायसाठी डेल्कोला फी द्यायची?

आणि बँक गॅरंटीचं कुणी बोललंच नाही. परवाना मिळवताना प्रत्येक संघाला पगारांच्या काही भागाएवढी गॅरंटी यूसीआयकडे ठेवावी लागते, हिशेब बाहेरचे लेखापरीक्षक तपासतात. ती रक्कम वाढवा, पोरं सुरक्षित होतील. फी-बी काही नको.

लुव्हेनकर

वकीलसाहेब, बॉसमनला हात लावायची माझी प्राज्ञा नाही. करार संपला की मोकळा, मान्य. मी बोलतोय ते घडवण्याच्या मोबदल्याबद्दल. फुटबॉलमध्ये ट्रान्सफर झाली की फीच्या ५ टक्के रक्कम लहानपणापासून ज्या ज्या क्लबांनी त्या पोराला वाढवलं त्यांच्यात वाटतात. सेनेगलमधल्या एखाद्या मैदानावरच्या क्लबला अचानक छप्पर घालता येतं ते त्यामुळे. सायकलिंगमध्ये करार मोडून जाणाऱ्यांवर आता रग्गड पैसे मोजले जातातच आहेत, फक्त ते दोन श्रीमंत संघांमध्ये बंद दाराआड फिरतात. त्यातला थोडा भाग खाली झिरपू द्या म्हणतोय. खेळाडूच्या पगाराला हात न लावता.

गॅरंटीचं मात्र तुमचं पटत नाही. ती वाढवली की सगळ्यात आधी कोण गुदमरेल? ज्याच्याकडे बँकेत गोठवून ठेवायला पैसे नाहीत तो. म्हणजे पुन्हा इंटरमार्शेसारखेच. यूएईला काय, उद्या दुप्पट सांगितली तरी एका फोनवर होईल. शिवाय गॅरंटी संघ बुडाल्यावर कामाला येते. २०२२ मध्ये बी अँड बी हॉटेल्स संघाचं बघा. मालक पीनो महिनोन्‌महिने मोठा प्रायोजक येतोय म्हणत राहिले, कॅव्हेंडिश त्यांच्याकडे जाणार म्हणून बोभाटा, आणि डिसेंबरात सगळं कोसळलं. तोवर बाकीच्या संघांच्या जागा भरलेल्या. कॅव्हेंडिश जानेवारीत अस्तानाला गेला आणि २०२४ मध्ये टूरमधला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा सर्वाधिक टप्प्यांचा विक्रम मोडला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याबरोबरचे किती जण तिथेच संपले ते कुणी मोजलं नाही.

घाटराजा

बजेटवर मर्यादाच घालून टाका ना. अमुक कोटी, त्याच्या वर नाही. आयपीएलला जमतं.

लुव्हेनकर

चर्चा खूप झाली, पण मला त्यात दम वाटत नाही. आयपीएलचा लिलाव एका मंडळाच्या हातात आहे. इथे संघ वेगवेगळ्या देशांतले, प्रत्येक देशाचा कर वेगळा, खेळाडू राहायला मोनॅकोत किंवा अँडोरात. पगार मर्यादेत दाखवायचा आणि उरलेलं सायकल कंपनीच्या ‘जाहिरात करारातून’ द्यायचं, हे करायला कितीसा वेळ लागेल? आणि गिरमायचा संघ बुडाला तो यूएईकडे जास्त होतं म्हणून नव्हे. स्वतःकडे पुढच्या वर्षाचं नव्हतं म्हणून.

खाली खेचणारं आणखी एक यंत्र आहे, पॉइंटचं. वर्ल्डटूरचे परवाने १८, दर तीन वर्षांनी गुणतालिका. २०२२ अखेर लोट्टो आणि इस्राएल खाली गेले, २०२५ अखेर कोफिदिस गेला आणि नॉर्वेचा उनो-एक्स वर आला, अरकेया तर कायमचाच मिटला. खाली जायची भीती असलेला संघ मग जिंकणारा गडी घेत नाही. छोट्या शर्यतींत पाचवा-आठवा येऊन गुण गोळा करणारे चार जण घेतो. जाहिरातीला त्यांचा उपयोग नाही, पण परवाना टिकतो. प्रायोजक विचारतो, टीव्हीवर दिसत का नाही? झालं, दोन्हीकडून कात्री.

पुणेरी_पॅडल

सगळ्यांचे आभार. भावाला वाचून दाखवलं, तो आता इंटरमार्शेवर हळहळतोय. पण त्याचा पुढचा प्रश्न तयार: पुण्यात यातला एकही संघ का नव्हता? आणि आपल्याकडच्या एखाद्या पोरानं पुण्यात चांगली सायकल मारली, तर त्याला हे लोक घेतील का?

लुव्हेनकर

पुण्याची शर्यत यूसीआयच्या २.२ दर्जाची होती. त्या दर्जात वर्ल्डटूर संघांना उतरता येत नाही, नियमच आहे. तिथे येतात बहुतेक कॉन्टिनेंटल संघ आणि देशांचे राष्ट्रीय संघ. कॉन्टिनेंटल म्हणजे खालची पायरी, आणि तिथे यूसीआयचा किमान पगाराचा नियम नाही. वर्ल्डटूरमधल्या सगळ्यात कनिष्ठ माणसालाही वर्षाला ३० हजार युरोंच्या वर मिळतात. कॉन्टिनेंटलमध्ये काही जण सायकल, कपडे आणि विमानाचं तिकीट यावर वर्ष काढतात आणि घरचे पैसे पाठवतात.

घेतील का? निकाल बघून पटकन कुणी घेणार नाही. वर्ल्डटूरचे जवळपास सगळे संघ आता स्वतःचा १८-१९ वर्षांच्या पोरांचा संघ चालवतात आणि घरातल्या ट्रेनरवरची (जागच्या जागी सायकल मारायचं यंत्र) वॅटची, म्हणजे पायांच्या ताकदीची, आकडेवारी मागवतात. पोरगा १७ चा असेल, चढावर वजनाच्या मानानं आकडे चांगले असतील, तर फाइल पाठवायला हरकत नाही, पुष्कळ संघ वाचतात. २४ चा असेल तर आशियातला एखादा कॉन्टिनेंटल संघ गाठावा, जपान, मलेशिया, तैवानच्या शर्यती कराव्यात आणि करार सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: विमा कोण काढणार, अपघात झाला तर पगार किती महिने, आणि संघ मध्येच बंद पडला तर सायकल कुणाची. तिसऱ्या प्रश्नावर मॅनेजर हसला तर दुसरा संघ शोधा.

कायदेपंडित_नाशिक

चौथी: वाद झाला तर कुठल्या देशाच्या कोर्टात. ते पहिल्या पानावर नसतं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. मसुदा आला तर इथे टाका, नावं खोडून. बघतो.